पडद्याचा वेग आणि चित्राचा वेग : अडॅप्टिव्ह सिंक असलेल्या मॉनिटरवरील रिफ्रेश रेटच्या समस्या व त्यांचे निदान

प्रस्तावना

संगणकशास्त्र, ॲनिमेशन व माध्यमविषयक अभ्यासक्रमांच्या निमित्ताने 'गेमिंग मॉनिटर' या नावाने विकले जाणारे पडदे आता महाविद्यालयांच्या संगणक कक्षांतही दिसू लागले आहेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-क्रीडेचा विषय क्रीडा विभागाकडे सोपविल्यानंतर अशा खरेदीकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची वृत्तीही काहीशी कमी झाली. मात्र या मॉनिटरसंबंधी एक तक्रार वारंवार ऐकू येते. खोक्यावर १४४ हर्ट्झ असे छापलेले असते, किंमतही त्यानुसार मोजलेली असते; प्रत्यक्षात हलणारे चित्र फाटते, अडखळते किंवा पडदा लुकलुकतो. मॉनिटर सदोष आहे असा निष्कर्ष लगेच काढला जातो. वणीसारख्या गावातून तो दुरुस्तीसाठी दिंडोरीमार्गे नाशिकला पाठवायचा म्हणजे काही दिवस कक्षातील एक जागा रिकामी राहते. अनेकदा 'दोष आढळला नाही' अशा शेऱ्यासह तो परत येतो आणि तक्रार होती तिथेच राहते.

या तक्रारींपैकी बहुसंख्य तक्रारी यंत्रातील बिघाडाच्या नसून दोन वेगांमधील विसंगतीच्या असतात. ही विसंगती नेमकी कोठे उत्पन्न होते हे समजले, तर निदान कक्षातच करता येते. प्रस्तुत लेखात त्या अंगाने विचार केला आहे.

दोन वेगांचा जुना प्रश्न

चित्र तयार होण्याचा वेग आणि ते दाखविले जाण्याचा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे समजावून सांगण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील अध्यापकाला दूर जाण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले आणि रोपाची ती सारी वाढ मिनिटाभराच्या चित्रफितीत दाखविली. चित्रे घेण्याचा वेग अतिशय मंद आणि दाखविण्याचा वेग नेहमीचा, एवढ्या एका फरकावर तो चमत्कार उभा होता.

मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरविला जाई. सेकंदाला सुमारे सोळा चित्रे हे प्रमाण सांगितले जात असले, तरी ते हाताच्या गतीनुसार कमीजास्त होई. प्रक्षेपण करणाराही आपल्या अंदाजाने यंत्राची गती बदलू शके. बोलपट आल्यावर ही मोकळीक संपली. गती बदलली की आवाजाची पट्टी बदलते आणि डोळा जे खपवून घेतो ते कान खपवून घेत नाही. म्हणून सेकंदाला २४ चित्रे हा दर कायम झाला. तरीही प्रक्षेपकाच्या पात्यांची रचना अशी असे की प्रत्येक चित्र पडद्यावर दोनदा किंवा तीनदा उजळे. चित्रे २४, पण उजळणे ४८ किंवा ७२ वेळा. आजच्या भाषेत २४ हा फ्रेम रेट आणि ४८ वा ७२ हा रिफ्रेश रेट. या दोहोंमधील भेद इतका जुना आहे.

दूरचित्रवाणीने पुढे वेगळाच आधार घेतला. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने दूरदर्शनच्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजेच ५० अर्धचित्रे, असा हिशेब राहिला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तेथे ३० आणि ६०. संगणकाच्या पडद्याने हा ६० चा आकडा उचलला आणि तो सर्व देशांत पोचला. काही संगणकांवर ६० ऐवजी ५९ किंवा ५९.९४ असा आकडा दिसतो व तो बिघाड समजला जातो. वस्तुतः १९५३ साली अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरविताना ६० चा दर किंचित खाली आणला गेला होता, त्याचा हा अवशेष आहे. त्याकडे दुर्लक्ष करावे.

चित्र का फाटते, का अडखळते

६० हर्ट्झचा पडदा दर १६.६७ मिलिसेकंदांनी नवे चित्र वरून खाली ओळीओळीने रेखाटतो. ही त्याची ठरलेली लय असते. ग्राफिक्स कार्डाला अशी लय नसते. मोकळे मैदान दाखवायचे असेल तर चित्र ८ मिलिसेकंदांत तयार होईल. धूर, पाणी, गर्दी असेल तर २० लागतील. पडदा निम्म्यावर आलेला असताना नवे चित्र हाती आले आणि ते तत्काळ दाखविले, तर वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा व खालचा नव्याचा होतो. कॅमेरा आडवा फिरत असेल तर खांब मध्येच तुटल्यासारखा दिसतो. यालाच चित्र फाटणे म्हणतात.

त्यावरचा जुना उपाय 'व्ही-सिंक' हा होय. यात ग्राफिक्स कार्डाला पडद्यासाठी थांबविले जाते. फाटणे बंद होते, परंतु वेगळी किंमत द्यावी लागते. चित्राला १६.६७ ऐवजी १८ मिलिसेकंद लागले तर गाडी चुकते आणि ते चित्र पुढच्या गाडीने, म्हणजे ३३.३३ मिलिसेकंदांनी पोचते. अवघ्या सव्वा मिलिसेकंदाच्या उशिरापायी तितका वेळ जुनेच चित्र पाहावे लागते. हेच पुन्हा पुन्हा, अनियमितपणे घडू लागले की हालचाल अडखळते. शिवाय माऊस हलविणे व परिणाम दिसणे यांतील अंतरही वाढते.

अडॅप्टिव्ह सिंकने हा संबंध उलटा केला. आता पडदा चित्रासाठी थांबतो. प्रत्येक चित्राच्या रेखाटनानंतर काही काळ रिकामा सोडलेला असतो. काचनळीच्या पडद्यात तो शलाकेला पुन्हा वर नेण्यासाठी लागत असे. द्रवस्फटिकाच्या पडद्याला त्याची फारशी गरज नाही, तरी पद्धत टिकून राहिली. हा रिकामा काळ लांबवून नवे चित्र येईपर्यंत पडद्याला थोपवून धरायचे, एवढीच मूळ कल्पना आहे. एन्व्हिडियाने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये 'जी-सिंक' जाहीर केले. त्यासाठी मॉनिटरमध्ये कंपनीचा स्वतंत्र भाग बसवावा लागे व किंमत वाढे. २०१४ च्या जानेवारीत एएमडीने 'फ्रीसिंक'चे प्रात्यक्षिक दाखविले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात व्हेसा या मानक ठरविणाऱ्या संस्थेने 'अडॅप्टिव्ह-सिंक' हे नाव देऊन ती सोय डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये समाविष्ट केली. २०१९ च्या जानेवारीपासून एन्व्हिडियाची दहाव्या मालिकेपासूनची कार्डेही अशा सर्वसाधारण मॉनिटरबरोबर चालू लागली. नावे तीन-चार झाल्याने खरेदीदाराचा गोंधळ मात्र वाढला.

पहिली तपासणी : १४४ खरोखर मिळतात का

निदानाचा आरंभ अडॅप्टिव्ह सिंकपासून करू नये. मॉनिटर त्याच्या कमाल दराने चालतो आहे की नाही, हे प्रथम पाहावे. विंडोजमध्ये 'डिस्प्ले'च्या 'ॲडव्हान्स्ड' भागात सध्याचा दर दिसतो. नवा मॉनिटर जोडल्यावर तेथे ६० च राहिलेला असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. यादीत १४४ उपलब्ध असेल तर तो निवडावा, काम संपले. लॅपटॉप असेल तर तो बॅटरीवर चालू असताना वीज वाचविण्यासाठी दर आपोआप खाली आणतो, हेही ध्यानात ठेवावे.

यादीत १४४ दिसतच नसेल तर शोध केबलकडे वळवावा लागतो, आणि येथे साधा गुणाकार उपयोगी पडतो. १९२० × १०८० बिंदू, प्रत्येक बिंदूला २४ बिट, सेकंदाला १४४ वेळा : एकूण सुमारे ७.१७ गिगाबिट. एचडीएमआय १.४ ची प्रत्यक्ष वाहनक्षमता ८.१६ गिगाबिट असल्याने हे कसेबसे मावते; तरी अनेक मॉनिटर त्या जोडणीवर १२० वरच थांबतात. तोच हिशेब २५६० × १४४० साठी केला तर १२.७४ गिगाबिट येतात. ते एचडीएमआय १.४ मध्ये मावणे अशक्य, एचडीएमआय २.० च्या १४.४ किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ च्या १७.२८ मध्ये मावतात. ३८४० × २१६० ला १४४ हर्ट्झने चालवायचे तर २८.६७ गिगाबिट लागतात, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.४ च्या २५.९२ पेक्षाही अधिक. तेथे माहितीचे संकोचन करावेच लागते. रिकाम्या काळाचा भार यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष गरज याहून थोडी जास्तच असते. जुन्या कक्षातील व्हीजीए केबल तर येथे सर्वथा निरुपयोगी होय, कारण तिच्यावर अडॅप्टिव्ह सिंक चालतच नाही.

आणखी एक चूक इतकी साधी आहे की ती सांगताना संकोच वाटावा. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डावरील खाचेत लावलेली असते. कार्ड आपले काम करीत नाही आणि त्याची सेटिंग्जही दिसत नाहीत. संगणकाच्या मागे हात घालून खालची आडवी खाच कोणती व वरची कोणती हे एकदा पाहणे, हा तासाभराच्या तर्कवितर्काहून चांगला उपाय आहे.

महाविद्यालयात विशेषत्वाने आढळणारे कारण वेगळे आहे. अध्यापकाच्या संगणकाला मॉनिटर व प्रक्षेपक दोन्ही जोडलेले असतात आणि दोहोंवर एकच चित्र दाखविण्याची निवड केलेली असते. अशा वेळी दोघांना झेपेल असाच दर ठरतो, आणि प्रक्षेपक ६० चा असल्याने मॉनिटरही ६० वर येतो. मध्ये विभाजक किंवा परिवर्तक बसविला असेल तर अडचण आणखी वाढते. मॉनिटर आपली क्षमता, म्हणजे किती बिंदू, कोणते दर, अडॅप्टिव्ह सिंकची किमान व कमाल मर्यादा, ही संगणकाला एका छोट्या माहितीपत्राद्वारे कळवितो. स्वस्त विभाजक ते माहितीपत्र पुढे पोचू देत नाही; स्वतःचेच पाठवितो. संगणकाला समोर १४४ चा पडदा आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणून परीक्षण करताना मधली सर्व साधने काढून एकच केबल थेट लावावी.

अडॅप्टिव्ह सिंक चालू आहे हे कसे ओळखावे

ही सोय तीन ठिकाणी चालू असावी लागते : मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आणि, खेळ वा प्रतिकृती ज्या पद्धतीने पडदा व्यापते तीनुसार, विंडोजमध्ये. बऱ्याच मॉनिटरांत कारखान्यातून ती बंद ठेवलेली असते. खेरीज एन्व्हिडियाच्या कार्डांना एचडीएमआयवर ही सोय मिळण्यासाठी सामान्यतः मॉनिटर एचडीएमआय २.१ चा लागतो. त्यापूर्वीच्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टच वापरावा. एएमडीची कार्डे जुन्या एचडीएमआयवरही फ्रीसिंक चालवितात. एकाच बाकावरील दोन संगणकांत एकीकडे ती चालते व दुसरीकडे नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

खात्रीसाठी मॉनिटरच्या मेनूतील दरदर्शक उघडावा. बहुतेक गेमिंग मॉनिटरांत तो असतो. हालचाल चालू असताना तेथील आकडा ९७, १०३, ८८ असा सतत बदलत असेल तर पडदा चित्राची वाट पाहत आहे. आकडा १४४ वर खिळून असेल तर अडॅप्टिव्ह सिंक बंद आहे, मग ड्रायव्हरमधील खूण काहीही सांगो.

मर्यादेच्या खालच्या टोकाला

येथपर्यंत सर्व ठीक असूनही धक्के जाणवत असतील, तर मॉनिटरची मर्यादा पाहावी. जाहिरातीत कमाल दर ठळक असतो; किमान दर शोधून काढावा लागतो. आणि गुणवत्ता ठरते ती पुष्कळदा त्या किमान दरावर. द्रवस्फटिकाच्या बिंदूवरील विद्युतभार हळूहळू ओसरत असल्याने पडद्याला चित्रासाठी अनिश्चित काळ थांबविता येत नाही. ४८ ते १४४ ही मर्यादा असेल तर तो जास्तीत जास्त २०.८३ मिलिसेकंद थांबू शकतो.

आता चित्रे सेकंदाला ४० च तयार होत आहेत असे धरू. दोन चित्रांतील अंतर २५ मिलिसेकंद झाले. पडदा तितका थांबू शकत नाही. अशा वेळी ड्रायव्हर प्रत्येक चित्र दोनदा पाठवितो आणि पडदा ८० हर्ट्झवर चालतो. ८० हा आकडा मर्यादेच्या आत आहे, पाहणाऱ्याला काही जाणवत नाही. प्रक्षेपकाच्या पात्यांचीच ही युक्ती. फक्त येथे ती क्षणोक्षणी हिशेब करून वापरली जाते.

परंतु मर्यादा ४८ ते ७५ अशी असेल तर? स्वस्त मॉनिटरांत ती सर्रास आढळते. ४० ची दुप्पट ८०. ती ७५ च्या बाहेर जाते. एकपट बसत नाही, दुप्पटही बसत नाही. सेकंदाला ३७.५ ते ४८ चित्रे या पट्ट्यात अशा मॉनिटरकडे कोणताच उपाय नसतो आणि तो निमूटपणे जुन्या, ठरावीक लयीवर परत जातो. चित्रांचा वेग ४५ आणि ५५ यांच्यामध्ये हेलकावे घेत असेल तर पडदा कधी जुळतो, कधी सुटतो. पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी सैल झाले आहे. केबल बदलून, ड्रायव्हर पुन्हा घालून यात फरक पडत नाही. कमाल दर किमान दराच्या निदान दुप्पट असावा, हा नियम येथूनच निघतो. असा मॉनिटर पदरी पडलाच असेल तर चित्राची गुणवत्ता थोडी उतरवून वेग ५० च्या वर राखणे एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

वरच्या टोकाची अडचण त्या मानाने किरकोळ. चित्रे १४४ पेक्षा वेगाने तयार होऊ लागली की पडद्याला थांबण्यासारखे काही राहत नाही आणि फाटणे पुन्हा सुरू होते. त्यासाठी चित्रांचा वेग १४१ च्या आसपास बांधून ठेवावा. काही अंतर राखण्याचे कारण असे की वेग बांधणारी यंत्रणा काटेकोर नसते. एखादे चित्र जरा लवकर येतेच.

लुकलुकणे आणि ओढलेल्या सावल्या

लुकलुकण्याची तक्रार सर्वांत त्रासदायक, कारण तिचे मूळ पडद्याच्या जातीत असते. प्रत्येक चित्र किती काळ टिकून राहते त्यावर बिंदूची उजळता किंचित अवलंबून असते. दर स्थिर असेल तर हा फरकही स्थिर असतो आणि डोळ्याला कळत नाही. दर ६० व १२० यांच्यामध्ये झपाट्याने वरखाली झाला की गडद करडा भाग उजळतो व मावळतो. 'व्हीए' जातीच्या आणि ओएलईडी पडद्यांवर हे अधिक दिसते, 'आयपीएस'वर कमी. खेळ सुरू होण्यापूर्वीच्या काळ्या प्रतीक्षा-चित्रावर ते ठळक होते, कारण तेथे चित्रांचा वेग बेताल असतो. वेग बांधून स्थिर केला की लुकलुक पुष्कळ कमी होते. तरीही खटकत असेल तर तेवढ्यापुरता अडॅप्टिव्ह सिंक बंद ठेवण्यात काही गैर नाही.

हलत्या वस्तूमागे फिकट सावली ओढली जाणे हा त्याचाच दुसरा अवतार. बिंदूचा रंग लवकर बदलावा म्हणून मॉनिटर त्याला क्षणभर जादा दाब देतो. हा दाब १४४ हर्ट्झसाठी बेतलेला असेल तर ६० वर तो अधिक ठरतो. चांगले मॉनिटर दराबरोबर दाबही बदलतात. इतरांत 'ओव्हरड्राइव्ह'ची मधली पायरी निवडावी.

विजेविषयीचा एक गैरसमज

ग्रामीण भागात संगणकातील प्रत्येक दोष विजेच्या माथी मारण्याची सवय आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. रिफ्रेश रेटच्या बाबतीत मात्र ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचा संबंध नाही. मॉनिटरचा वीजपुरवठा प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो आणि पडद्याचे घड्याळ आतील स्फटिकावर चालते. विद्युत जाळ्याची रीत तर अडॅप्टिव्ह सिंकच्या नेमकी उलट आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीद्वारे दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून देशातील जाळ्यावरची सर्व जनित्रे एकाच लयीत फिरतात; तेथे कोणी कोणासाठी थांबत नाही. पडदा मधूनच एखादा सेकंद पूर्ण काळा होत असेल तर विजेआधी केबलची लांबी व दर्जा तपासावा. क्षमतेच्या काठावर चालणारी केबल अशीच वागते. केबल बदलण्यापूर्वी दर १४४ वरून १२० वर आणून पाहावा. काळे होणे थांबले तर संशय केबलवर पक्का होतो.

खरेदीच्या वेळी

निविदेत '१४४ हर्ट्झ मॉनिटर' एवढेच लिहिल्यास ४८ ते ७५ चा पेच टळतो, पण मॉनिटर कोणत्या जोडणीवर आणि कोणत्या मर्यादेत अडॅप्टिव्ह सिंक देतो हे सुटून जाते. एचडीएमआयवरची मर्यादा डिस्प्लेपोर्टवरच्यापेक्षा अरुंद असणे असामान्य नाही. जोडीला कोणती केबल येईल हेही लिहून घ्यावे. व्हेसाने २०२२ मध्ये यासाठी दोन प्रमाणचिन्हे सुरू केली. 'अडॅप्टिव्हसिंक डिस्प्ले' या चिन्हासाठी कारखान्यातील मूळ सेटिंगवरच निदान ६० ते १४४ हर्ट्झची मर्यादा सिद्ध करावी लागते. लुकलुक व ओव्हरड्राइव्हच्या चाचण्याही त्यात आहेत. 'मीडियासिंक डिस्प्ले' या दुसऱ्या चिन्हाला ४८ ते ६० पुरेसे आहे. खेळांशी संबंध नसलेल्या, परंतु वर्गात चित्रपट दाखविणाऱ्या विभागाने महागड्या गेमिंग मॉनिटरच्या मागे न लागता हे दुसरे चिन्ह पाहावे : २४ चित्रांचा चित्रपट ६० हर्ट्झवर एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असा लंगडत चालतो, तर ४८ वर प्रत्येक चित्र नेमके दोनदा उजळते.